कुठल्या धड्यातलं?

प्रिय बेकरीवाल्या,

हे नाव वाचून तू पाकीट उलटंसुलटं करून बघशील आणि कपाळाला आठ्या घालशील, हे मला इथे बसून दिसतंय. या नावाने तुला हाक मारणारं आता कुणी उरलं नसेल. हो, मीच. आपल्या इमारतीची चौकीदारीण. सगळ्यांच्या किल्ल्या सांभाळणारी आणि कुणाच्या घरी काय शिजतंय याची बित्तंबातमी ठेवणारी भोचक भवानी. तुझा पत्ता तुझ्या बहिणीकडून काढला. ती द्यायला तयार नव्हती, मीच पिच्छा सोडला नाही, तेव्हा रागवायचं तर माझ्यावर रागव. आणि ताकाला जाऊन भांडं लपवण्यात काही अर्थ नाही म्हणून आधीच सांगून टाकते, हे पत्र आपल्या फ्रेंचच्या मॅडमबद्दल आहे. मॅडम हॉस्पिटलमध्ये आहेत. झटका आला, उजवी बाजू गेली, मागोमाग किडन्या निकामी झाल्या, आणि आता दिवसाआड त्यांना डायलिसिसच्या यंत्राला लावावं लागतं. हे असंच चालू ठेवायचं की थांबवायचं, ते त्यांच्या मुलीला ठरवायचंय, आणि तिथे घोडं अडलंय. आता तू हे पत्र चुरगळून गल्ल्याखाली टाकणार असशील तर जरा थांब. मॅडमसाठी थांबू नकोस, माझ्यासाठी थांब.

तुझ्या बहिणीने सांगितलं की तुझ्या बाबांचं रंगाचं दुकान तू दुप्पट मोठं केलंस, दोन मुली आहेत, केस गेलेत, आणि फ्रेंचचं नाव घरात कुणी काढायचं नाही असा दंडक आहे. केसांचं ऐकून हसू आलं, बाकीचं ऐकून नाही आलं. माझं म्हणशील तर मी अजून फ्रेंचच्याच जिवावर खाते, पण कसं ते ऐकलंस तर कपाळाला हात लावशील. एका ऑफिसात कानाला यंत्र लावून बसते आणि लांबलांबच्या बायाबापड्यांच्या कपडे धुण्याच्या मशीनच्या तक्रारी ऐकते. तिथे मला एक फ्रेंच नाव दिलंय. सकाळी खुर्चीत बसले की मी ती बाई, संध्याकाळी उठले की मी. आमचा साहेब अधूनमधून सुनावतो की हे काम लवकरच कॉम्प्युटर करेल, तुम्ही दुसरं काहीतरी शिकून ठेवा. या वयात काय शिकू, कर्माचं! ज्या भाषेत माणसं प्रेमपत्रं लिहितात असं आपण ऐकून होतो, त्या भाषेत मी रोज सांगते की बाई, आधी पाण्याचा नळ चालू आहे का बघा.

आठवतं का रे, आपण फ्रेंचला गेलोच कसे? मी गेले कारण इतर सगळीकडची दारं बंद झाली होती. निम्मी मुलं तशीच आली होती. खरंच फ्रेंच शिकायला आलेला तू एकटा. घरी येणारा प्रत्येक पाहुणा मला विचारायचा, फ्रेंचची पदवी घेऊन पुढे काय करणार, आणि आई घाईघाईने विषय बदलायची. तुझे बाबा मात्र वेगळे. ते गिऱ्हाइकांना सांगायचे, आमचा पोरगा शिकतोय, परदेशी डब्यावर त्या भाषेत काय लिहिलेलं असतं ते आता आम्हाला कळणार. एकदा तू खरंच एक डबा वाचून दाखवलास, आणि त्यावर लिहिलं होतं की लहान मुलांपासून दूर ठेवा. काका दिवसभर हसत होते, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते.

आणि आपली ती खोली. कॉरिडॉरच्या टोकाला, भूगर्भशास्त्राच्या दगडांच्या खोक्यांशेजारी. खिडकी लागायची नाही म्हणून सुतळीने बांधलेली. भिंतीवर फ्रान्सचा नकाशा, ज्याचा वरचा डावा कोपरा उंदरांनी खाल्ला होता, त्यामुळे आपल्या अख्ख्या बॅचला तो प्रांत कधी आलाच नाही. संस्कृतीच्या पेपरला आपण चीजची नावं घडाघडा म्हणायचो आणि त्यातल्या एकाचाही वास कुणी घेतलेला नव्हता. कुठल्या जेवणाबरोबर कुठली वाइन घ्यायची यावर तुला पैकीच्या पैकी मार्क, आणि तू तेव्हा चहासुद्धा पीत नव्हतास! मॅडमही तिकडे कधी गेल्या नव्हत्या. एकदा जायचं ठरलं होतं, शिष्यवृत्ती मिळाली होती, पण तेव्हा मुलगी पोटात होती. तरी त्या तिथल्या गल्लीबोळाबद्दल अशा बोलायच्या की जणू कालच भाजी घेऊन आल्यात.

त्यांनी आपल्याला पुस्तकातून शिकवलंच नाही. पहिल्याच आठवड्यात फळ्यावर एक इमारत काढली आणि म्हणाल्या, आता तीन वर्षं तुम्ही इथे राहायचं. वर्गाचा उंबरा ओलांडला की आपलं नाव बाहेर ठेवायचं. तळमजल्यावर तुझी बेकरी. जिन्याखालच्या खोलीत मी, चौकीदारीण. पहिल्या मजल्यावर तो निवृत्त कर्नल, वर ती रागीट विधवा, सर्वांत वर पोटमाळ्यावर चित्रकार. भूतकाळ शिकायचा तर कर्नलकडे चोरी झाली. पत्र लिहायला शिकायचं तर विधवेने चित्रकाराची तक्रार केली. दर आठवड्याला मॅडम स्वतः एक संवाद लिहायच्या, झेरॉक्स करून वाटायच्या, आणि तो तोंडपाठ करून उभं राहून म्हणायचा. एक शब्द चुकला की पहिल्यापासून. आपण कुरकुरायचो, पण तीन वर्षांत भाषा अंगात भिनली ती त्या घोकंपट्टीमुळेच. तुला तर सगळ्यांचेच संवाद पाठ असायचे. कर्नल आजारी पडला की तू त्याचंही म्हणायचास आणि तुझंही, आवाज बदलून, आणि मॅडम डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायच्या. ते संवाद जगात दुसरीकडे कुठे नाहीत हे लक्षात ठेव. विभाग बंद झाला तेव्हा कपाट रिकामं केलं, आणि सगळे कागद रद्दीत गेले. त्या खोलीत आता तपासलेल्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असतात.

मॅडमची मुलगी तुला आठवत असेल. शाळा सुटली की आपल्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसायची आणि चित्रं रंगवायची. आपण सगळे तिचे गालगुच्चे घ्यायचो आणि ती तोंड फिरवायची. आता ती दातांची डॉक्टर झालीये. दिवसभर लोकांना तोंड उघडा म्हणते आणि स्वतः फारसं तोंड उघडत नाही. फ्रेंचचा एक शब्द तिला येत नाही, आणि ते तिने ठरवून केलेलं आहे. मला एकदा म्हणाली, ताई, फ्रेंच म्हणजे माझी सावत्र बहीण होती, आईने तिचे लाड केले आणि उरलंसुरलं मला दिलं. मी तिची समजूत घालायला गेले आणि मधेच गप्प झाले, कारण ती लहान असताना जेवायच्या वेळेपर्यंत मॅडम आपल्याबरोबर असायच्या हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तिचाच मला फोन आला. आई शुद्धीवर आलीये, पण काहीतरी असंबद्ध बोलतेय, डॉक्टर म्हणतात बडबड आहे, पण ताई, मला ते फ्रेंच वाटतंय, असं म्हणाली. मी रजा टाकून गेले. वॉर्डात खिडकीशेजारची खाट. मी मॅडमना ओळखलंच नाही आधी. तोंड एका बाजूला ओढलेलं, केस बारीक कापलेले, त्या कडक इस्त्रीच्या बाईच्या अंगात हॉस्पिटलचा बंद सुटलेला गाऊन. मी फ्रेंचमधून नमस्कार केला. त्यांनी मान वळवली आणि मला पहिली गोष्ट काय सांगितली असेल? माझ्या उच्चारातली चूक! इतक्या वर्षांनी! मी रडायला लागले ते तिथेच. मग त्या बोलत राहिल्या, अडखळत, पण शुद्ध फ्रेंच. डॉक्टरांनी नंतर समजावलं की क्वचित एखाद्याचं असं होतं, मेंदूचा जो भाग गेला त्यात मातृभाषा गेली आणि मोठेपणी शिकलेली भाषा मागे उरली. आपली भाषा त्यांच्या कानावर पडते, पण शेजारच्या घरातला रेडिओ ऐकावा तशा त्या ऐकतात. मुलगी आई म्हणून हाक मारते तेव्हा त्या तिच्याकडे बघतात, कधीकधी हसतातही, पण तिला उत्तर देतात ते तिला न कळणाऱ्या भाषेत. मुलगी त्या दिवशी म्हणाली, शेवटी सावत्र बहीणच जिंकली म्हणायची.

तेव्हापासून ऑफिस सुटलं की मी तिकडे जाते. दोघींच्या मधे बसते आणि इकडचं तिकडे करते. एकदा मुलगी त्यांचे केस विंचरत होती, मॅडम काहीतरी पुटपुटल्या, तिने विचारलं काय म्हणाली, आणि मी सांगितलं की हळू ओढ, लहानपणी तू बाहुलीचे केस असेच उपटायचीस, म्हणतायत. तिने कंगवा बाजूला ठेवला. मग तिने एकेक विचारायला सुरुवात केली. दुखतंय का, तहान लागली का, शाळेतली ती नाटकाची गोष्ट आठवते का. एवढ्या वर्षांत त्या दोघी एकमेकींशी बोलल्या नसतील तेवढ्या माझ्या तोंडून बोलल्या. मला वाटलं, चला, आपल्या पदवीचा कुणाला तरी उपयोग झाला.

पण मग एक चमत्कारिक गोष्ट माझ्या लक्षात आली. एकदा नर्स इंजेक्शन घेऊन आली, तर मॅडम तिला अदबीने म्हणाल्या, दोन तिकिटं द्या, खिडकीजवळची. मला फस्सकन हसू आलं, कारण ते कर्नलच्या प्रवासाच्या धड्यातलं होतं. दुसऱ्या दिवशी वॉर्डबॉयला म्हणाल्या, आमच्या वरच्या मजल्यावरून पाणी गळतंय, घरमालकाला कळवा. तो विधवेचा धडा. म्हणजे रे, त्यांच्या डोक्यात आपले धडे आणि त्यांचं स्वतःचं बोलणं यांची सरमिसळ झालीये. कधी अगदी स्वतःचं बोलतात, कधी धडा बोलतात, आणि सूर तोच, चेहरा तोच. त्या बॅचमध्ये न शिकलेल्या माणसाला यातला फरक कळणं शक्यच नाही. हॉस्पिटलने भाषांतर करणारा एक माणूस बोलावला होता. चांगला शिकलेला होता, फ्रान्सला राहून आलेला. त्याने प्रत्येक शब्द बरोबर सांगितला आणि निष्कर्ष काढला की पेशंटला छपरातून पाणी गळत असल्याचे भास होतायत. डॉक्टरांनी तसं लिहूनही घेतलं. मी वॉर्डात तावातावाने भांडले, पण मी काय सांगणार, की अहो, ही इमारत आम्हीच बांधलेली आहे?

आणि मग ते स्टेशनचं झालं. त्या दिवशी मुलगी दवाखाना बंद करून धावतपळत आली होती. ती आत शिरली, आणि मॅडमनी डावा हात तिच्याकडे लांब केला आणि इतक्या मायेने बोलल्या की मीसुद्धा चमकले. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी सांगून टाकलं, म्हणतायत, आलीस बाळ, किती वाट बघितली तुझी, आता मला सोडून जाऊ नकोस. त्या मुलीचा बांध फुटला. तिने आईच्या हातावर कपाळ टेकलं आणि लहान पोरासारखी हमसाहमशी रडली. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. आणि तिथे उभ्या उभ्या मला आठवलं. दुसरं वर्ष, स्टेशनचा धडा. चित्रकाराची मावशी त्याला घ्यायला येते. शब्द न् शब्द तोच. मी सांगायला नको होतं का? तू असतास तर काय केलं असतंस? मला वाटलं, आता गप्प बसले तर यापुढे माझ्या कुठल्याच शब्दाला किंमत राहणार नाही. मी तिला बाहेर कॉरिडॉरमध्ये नेऊन सांगितलं. तिने डोळे पुसले, पर्समधून पाण्याची बाटली काढली, प्यायली, आणि मला विचारलं, मग ताई, आजपर्यंत तिने मला जे काही सांगितलं त्यातलं माझं किती आणि तुमच्या वर्गाचं किती? मी म्हटलं, कंगव्याचं तुझं होतं, शप्पथ. ती म्हणाली, तुम्ही म्हणता म्हणून.

तेव्हापासून ती विचारेनाशी झाली. येते, हातपाय चोळते, पाठीच्या जखमा बघते आणि जाते. आणि मॅडमचे हाल तर बघवत नाहीत. यंत्राला लावलं की अंगाला कापरं भरतं, पायांत गोळे येतात, रक्तदाब खाली जातो, आणि त्या डाव्या हाताने चादर अशी घट्ट धरतात की नखं पांढरी पडतात. परत आणून खाटेवर टाकतात तेव्हा कणभरही त्राण उरलेलं नसतं. जरा तरतरी येते न येते तोच पुन्हा न्यायची वेळ होते. डॉक्टरांनी एकदा मुलीला आणि मला बसवून सरळ सांगितलं की यातून त्या उठणार नाहीत. चालू ठेवलं तर काही महिने निघतील, असेच. थांबवलं तर थोडेच दिवस, पण दुखू देणार नाही. घरच्यांनी ठरवायचं, मात्र पेशंटला स्वतःला सांगता येत असेल तर तिचा शब्द आधी. मुलीची अवस्था म्हणजे धरलं तर चावतंय आणि सोडलं तर पळतंय. ती म्हणाली, विचारा. पुन्हा कधी म्हणू नये कुणी की आईला विचारलंच नाही.

मी विचारलं. डॉक्टर होते, मुलगी होती. सोप्या शब्दांत, फिरवून फिरवून, यंत्र म्हणजे काय, चालू ठेवलं तर काय, थांबवलं तर काय. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. वर्गात एखाद्याचं उत्तर पूर्ण होईपर्यंत डोळे मिटून ऐकायच्या ना, तसंच. मग एका वाक्यात उत्तर दिलं. पुरं, स्पष्ट वाक्य. मी ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. तेच वाक्य, त्याच शब्दांत. तिसऱ्यांदाही तेच. आणि तिथेच सगळं फिसकटलं, कारण डॉक्टर म्हणाले, इतकं शब्दाला शब्द तेच येतंय म्हणजे हे पाठांतर असू शकतं. मुलगी माझ्याकडे वळली आणि म्हणाली, ताई, हे कुठल्या धड्यातलं नाही कशावरून? मी म्हटलं, मला नाही आठवत असा धडा. तर म्हणते, स्टेशनचाही तुम्हाला आधी आठवला नव्हता. तिचं म्हणणं खरं होतं.

म्हणून त्या वर्गातलं दुसरं माणूस हवंय. कर्नल आपला दोन पावसाळ्यांपूर्वी गेला, तुला कळलं असेल. विधवा परदेशात आहे, मी तिला फोन लावला तर म्हणाली, अगं, मला आता फ्रेंचमधलं नमस्कारसुद्धा धड आठवत नाही. चित्रकाराचा ठावठिकाणा कुणालाच माहीत नाही. उरलास तू. आणि तू येणार नाहीस, कारण तुला तो दिवस आठवतो. मलाही आठवतो. जो कोर्स सोडेल त्याने इमारतही सोडायची, हा मॅडमचा नियम. पहिल्या वर्षी ती एक मुलगी लग्न होऊन गेली तर आपण तिला दक्षिण फ्रान्समध्ये राहायला पाठवून दिलं होतं. तू तिसऱ्या वर्षी यायचा थांबलास, ऑफिसात कुणीतरी सांगितलं की नाव काढलं, आणि मॅडमचं संस्कृतीच्या पेपरात नेमकं तिकडे जन्म, लग्न आणि मृत्यूची कार्डं कशी छापतात ते चाललं होतं. त्यांनी ठरवलं, बेकरीवाला वारला. सगळ्यांनी त्याच्या निधनाचं कार्ड लिहा. काळ्या चौकटीत. फळ्यावर सगळी कार्डं लावलेली, आणि तू दारात आलास, लायब्ररीची पुस्तकं परत द्यायला, डोळे सुजलेले. आणि मॅडम टाळी वाजवून फ्रेंचमधून म्हणाल्या, हे बघा, स्वर्गवासी स्वतःच आले! तुझे बाबा तीन दिवसांपूर्वी गेले होते आणि दुकान तुझ्यावर आलं होतं, हे आमच्यापैकी कुणालाही ठाऊक नव्हतं. तू पुस्तकं टेबलावर ठेवलीस, फळ्यावरचं एकेक कार्ड वाचलंस, तुला तर सगळंच समजत होतं, आणि निघून गेलास.

मी त्यांची बाजू घेत नाही. आधी चौकशी करायला काय झालं होतं, असं मीही म्हणते. पण तू गेल्यावर काय झालं ते तुला माहीत नसेल. त्याच दिवशी त्यांना ऑफिसात खरं कळलं. त्या तुझ्या घरी यायला निघाल्या आणि गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन परत फिरल्या म्हणे. दुसऱ्या दिवशी वर्गात आल्या, फळा स्वच्छ पुसला आणि आमचं उरलेलं वर्ष एका छापील पुस्तकातून शिकवलं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्यांनी कुठल्याच बॅचला इमारत बांधू दिली नाही. पुढची मुलं विचारायची, मॅडम, तुम्ही म्हणे फार मजेत शिकवायचा, तर म्हणायच्या, ते जमत नाही आता. हे तुझं दुःख हलकं करायला सांगत नाहीये. माफ कर असंही म्हणत नाही, ते तुझं तू बघ. एवढंच की त्यानंतर त्यांचाही हात त्या खेळाला लागला नाही.

आता मुद्द्याचं. तुझ्या लक्षात आलं असेल, एवढी पानं खरडली पण मॅडम काय म्हणाल्या ते मी कुठेच लिहिलेलं नाही. ती मुलीची अट आहे. येणाऱ्याला आधी काही कळता कामा नये, नाहीतर तो तुमचंच वाक्य घेऊन येईल, असं ती म्हणते, आणि तिचं बरोबर आहे. फोन केला असता तर तू पहिलं तेच विचारलं असतंस आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून हे पत्र. तोवर यंत्र चालू ठेवलंय, म्हणजे तू जितके दिवस घेशील तितके दिवस मॅडम ते सोसणार आहेत. तेव्हा पत्र मिळालं की सकाळच्या गाडीने नीघ. वहिनींना सांग, एका दिवसाचं काम आहे. खुर्ची ओढून त्यांच्या डाव्या बाजूला बस, तो प्रश्न तुझ्या शब्दांत विचार, आणि बाहेर येऊन त्या मुलीला फक्त एवढंच सांग, की हे धड्यातलं आहे की मॅडमचं. धड्यातलं असेल तर यंत्र चालू राहील. मॅडमचं असेल तर त्या म्हणतात तसं होईल. मी इथे तिन्ही वर्षांचे धडे मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हणून बघितले. चोरी, पोस्ट, दवाखाना, गळणारं छप्पर, स्टेशन. बसमध्ये म्हणते, भांडी घासताना म्हणते, ऑफिसात गिऱ्हाईक बोलत असताना म्हणते. नाही सापडत रे ते वाक्य. हे वाचून तुला उत्तराचा अंदाज आला असेल, तर येऊ दे, शब्द तर मी सांगितले नाहीत ना. माझं पाठांतर पहिल्यापासून कच्चं होतं आणि तुला सगळ्यांचं सगळं पाठ असायचं. तू ये आणि ऐकल्याबरोबर मला शिव्या घाल, म्हण की मूर्ख बाई, हा तर अमुक धडा, तू त्या दिवशी दांडी मारली होतीस. आयुष्यभर मूर्ख म्हणवून घेईन. फक्त ते कुठल्यातरी धड्यात शोधून काढ.

तुझीच,
जिन्याखालची चौकीदारीण